आठवा टाका

सासूबाईंच्या शोकसभेत पाच मिनिटं बोलायचं काम जावयाच्या गळ्यात पडलं, कारण घरात न रडणारा तेवढा एकच शिल्लक होता. "तुम्हीच बोला," मेव्हणा म्हणाला. "आमच्यातलं कुणी उभं राहिलं, तर 'आई' म्हटलं की..." पुढचं त्याला बोलता आलं नाही, त्यामुळे मुद्दा सगळ्यांना लगेच पटला.

रविवारी अकरा वाजता वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये सगळे जमणार होते. जावई शनिवारी दुपारी कोरा कागद घेऊन बसला. सासूबाई सगळ्यांच्या लाडक्या होत्या, आणि त्याच्याही. अडचण तिथेच होती. अठरा वर्षांत आपण त्यांना घरातले वाटलो की नाही, हे त्याला काही कळलं नव्हतं. जे स्वतःलाच माहीत नाही, ते माइकसमोर काय सांगणार?

शंका उगाच नव्हती. तिचं मूळ कपड्यांत होतं.

सासूबाईंनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत बत्तीस वर्षं काढली. कपडा आला की आतून लाल दोऱ्याचे टाके घालायचे, म्हणजे कुठला कपडा कुठल्या वॉर्डाचा ते कळतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हाच कारभार घरी आणला. मुलगा, सून, मुलगी आणि जावई सगळे एकाच इमारतीत राहत, आणि सगळ्यांचे कपडे तळमजल्यावर त्यांच्याकडेच धुतले जात. मुलाच्या कॉलरला आतून एक टाका, मुलीच्या दोन, सुनेच्या तीन. नातवंडांना चार, पाच, सहा. नातवंडांचे खिसे त्या धुण्याआधी रिकामे करत आणि सापडलेला माल पाकिटात घालून परत देत. थोरल्या नातीला एकदा तिच्या खिशातलं प्रेमपत्र असंच मिळालं. पाकिटावर लिहिलं होतं, 'वाचलेलं नाही. दुसऱ्या ओळीत एक चूक आहे.'

कुत्र्याच्या पांघरुणाला सात टाके होते.

जावयाच्या कपड्यांना टाका नव्हता. एकही नाही. शर्ट कडक इस्त्री होऊन यायचे, वेगळ्या गठ्ठ्यात, पाहुण्यांचे ठेवावेत तसे. पहिली काही वर्षं त्याने वाट पाहिली. कुत्रा आला आणि महिन्याभरात त्याचा नंबर लागला, तेव्हा मात्र त्याने ते मनाला लावून घेतलं. बायको म्हणाली, "कुत्र्याशी कसली बरोबरी करतोस?" बरोबरी झाली असती तरी त्याला चाललं असतं.

शेवटी एका रविवारी त्याने बाथरूमचं दार लावून स्वतःच्या निळ्या शर्टाला लाल दोऱ्याने आठ टाके घातले. वाकडेतिकडे, पण आठ. बोटाला दोनदा सुई टोचली. चार दिवसांनी शर्ट धुऊन आला. टाके उसवलेले होते. दोऱ्याचा एक तंतूही शिल्लक नव्हता. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यानेही विषय काढला नाही. त्याला नऊ वर्षं झाली.

तोच निळा शर्ट घालून तो रविवारी हॉलमध्ये गेला. कागदावर सासूबाईंची शिस्त, वक्तशीरपणा आणि स्वच्छता यांविषयी चार वाक्यं होती. ती कुठल्याही सासूबाईंना चालली असती.

त्याच्या शेजारी लाँड्रीतले जुने इस्त्रीवाले काका येऊन बसले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण हाताला चैन नाही. बसल्या बसल्या त्यांनी जावयाची बाही चिमटीत धरून पाहिली.

"काय काम करता?"

"शाळेच्या प्रयोगशाळेत आहे."

"म्हणजे ॲसिड?"

"रोजच. पण माझा हात सांभाळून असतो," जावई म्हणाला. हे तो शाळेतही छाती काढून सांगायचा. "बाकीच्यांच्या शर्टांची चाळण झालीय. माझ्या एकाही शर्टाला अठरा वर्षांत भोक नाही."

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग कफ उलटा करून उजेडात धरला.

"हे काय मग? आणि हे? इथे तर चार आहेत. ॲसिडचं भोक तेव्हाच पडत नसतं, साहेब. ते धुताना पडतं. जो धुतो त्याला दिसतं." त्यांनी नखाने एक जागा दाखवली. तिथे कापड जेमतेम कणभर दाट होतं. "शर्टाच्याच आतल्या शिवणीतला दोरा काढून रफू केलंय. बाईंचा हात आहे हा. दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं."

"मग मला टाके का नाही घातले?" जावयाच्या तोंडून निघून गेलं.

"खूण कशाला करतात? कपडा ओळखू येत नाही म्हणून. बाईंच्या यजमानांच्या कपड्यांनाही कधी खूण नव्हती. म्हणायच्या, इतकं रफू केलंय की अंधारातही हाताला कळतं."

तेवढ्यात मेव्हण्याने जावयाला बोलावलं. जावई माइकसमोर गेला. कागद खिशातच राहिला. त्याने उजवा कफ उलटा करून सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"बघा," तो म्हणाला.

पुढच्या रांगेतल्यांनी माना पुढे काढल्या. थोरल्या नातीने चष्मा वर सरकवला.

"काहीच दिसत नाहीये," मेव्हणा खालून हळूच म्हणाला.

"तेच तर," जावई म्हणाला, आणि पाच मिनिटांतला उरलेला वेळ तो नुसता रडत उभा राहिला.