तानपुऱ्यासकट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट. आम्हा कॅसेटांचा जन्मच मुळी फिरण्यासाठी. पण मी संत तुकाराम नगरमधल्या एका कपाटात वर्षानुवर्षं पडून होते आणि आतल्या आत नुसती तळमळत होते.

माझ्या फितीवर मंदाकिनीबाईंचं गाणं आहे. त्यांचा राग चोख आणि अभंग थेट काळजाला हात घालणारा. एका कारखान्याच्या वसाहतीत, गणपतीच्या मांडवात त्या गायल्या, तेव्हा मागे तानपुऱ्यावर त्यांची शिष्या सुभद्राबाई होती. पुढे संसारात सुभद्राबाईंचं गाणं सुटलं. त्यांच्यापाशी उरले ती मी. दर एकादशीला त्या मला वाजवायच्या. काय कौतुक होतं माझं! मग टेप बिघडला आणि मला कुणी विचारेना.

परवा त्यांची भाची योगिनी मला दापोडीला अनिसभाईंच्या दुकानात घेऊन गेली. एका संग्रहालयाला मंदाकिनीबाईंची गाणी हवी होती.

"ताई, फीत झडायला लागलीय," अनिसभाई म्हणाले. "आत्ताच उतरवून घ्या. परत वाजेल याचा भरवसा नाही."

योगिनीने गाणं उतरवलं. घरी येऊन ॲपवर मांडवातल्या पंख्याची घरघर काढून टाकली आणि जागा अडते म्हणून मूळ नक्कल पुसली. मग हौसेने आत्याला ऐकवलं. आवाज लख्ख होता. सुभद्राबाई बराच वेळ कान देऊन बसल्या.

"योगिनी, तानपुरा कुठंय गं?"

घरघर समजून ॲपने तोही पुसला होता.

"पण आत्या, बाईंचा आवाज तर छान आलाय ना?"

"आलाय की. पण मीही होते गं तिथं."

योगिनीचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी ती आत्याला आणि मला घेऊन पुन्हा दापोडीला आली. मी मध्येच तुटले तर? अनिसभाईंनी कापसाने टेपचं हेड पुसलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

आधी पंखा घरघरला. मग तानपुरा वाजू लागला. सुभद्राबाईंची बोटं मांडीवर आपोआप चालू लागली आणि डोळे वाहू लागले. अर्ध्या अभंगात मी तुटले.

"जोडून बघू?" अनिसभाईंनी विचारलं.

"नको," सुभद्राबाई म्हणाल्या. "बिचारी दमली. आलं तेवढं ठेवा, अन् त्यातलं काही पुसू नका."

मित्रांनो, आमच्यावरची धूळ जरूर झाडा. पण त्या मैफलीत बसलेलं कुणी हयात असेल, तर आधी त्याला ऐकवा. मी आता वाजणार नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही.