फुला अज्जीचा अंगठा

मित्रांनो, मी जुना झालो आहे आणि माझ्या काचेला आडवा तडा गेला आहे. जोयड्याच्या बसस्टँडजवळ राजेश्वरीचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. तिथे झेरॉक्स मशीनच्या वरच्या फळीवर मी धूळ खात पडलेला असतो. अंगठ्याचे ठसे ओळखणारा स्कॅनर ही माझी जात. इथले लोक मला नुसतं ‘अंगठा’ म्हणायचे. ‘अंगठा चालू हाय काय, बाय?’ असं विचारत ते दुकानात शिरायचे, आणि खरं सांगतो, तो प्रश्न ऐकून मी फुशारून जायचो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं, त्यामुळे ज्यांनी मला घडवलं त्यांचेच ठसे मला कधी दिसले नाहीत. एक काच, तिच्याखाली लाल दिवा आणि शेपटीसारखी वायर, एवढाच माझा संसार. काम एकच. बोटाच्या रेषा वाचायच्या, दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे पाठवायच्या आणि तिकडून आलेलं उत्तर सांगायचं, ‘जुळला’ किंवा ‘जुळला नाही’. एकाच्या नावावर दुसऱ्याने डल्ला मारू नये, म्हणून माझी नेमणूक होती. मी स्वतःला लहानसा न्यायाधीशच समजत होतो.

राजेश्वरी मला रोज ओल्या फडक्याने पुसायची. ती जपून वागवायची, पण तिचंही कधी चुकायचं. खंडेनवमीला इथे सगळ्या यंत्रांची पूजा होते. पहिल्याच वर्षी तिने भक्तीच्या भरात माझ्या काचेवर हळदीकुंकवाचा मोठा टिळा लावला. दुसऱ्या दिवशी एकाचाही अंगठा जुळेना. लोक माझ्यावर चिडले, राजेश्वरी लोकांवर चिडली आणि मी बिचारा कुंकवाखाली आंधळा होऊन बसलो. पुढच्या वर्षापासून टिळा माझ्या पाठीवर आला.

मग माझ्या कौतुकाचा दिवस उजाडला.

सिमकार्ड विकणारा एक परगावचा माणूस गावोगाव फिरत असे. सिमकार्ड देताना तो लोकांचे अंगठे मेणावर उमटवून घ्यायचा आणि त्यावरून डिंकाची पातळ कातडी बनवायचा. अशीच एक कातडी बोटावर चढवून तो दुसऱ्याच्या खात्यातले पैसे काढायला दुकानात आला आणि त्याने मला अंगठा लावला. डिंकाला ना ऊब असते ना घाम. मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा लावला, मी पुन्हा नाही म्हटलं.

“झिलू तुमीच न्हवं?” राजेश्वरीने स्क्रीनवरचं नाव वाचून विचारलं.

नशीब बघा, खरा झिलू त्याच्या मागेच रांगेत उभा होता. “झिलू मी हाय!” असं ओरडून त्याने त्या माणसाची मानगूट धरली. मग काय विचारता! अख्खा बसस्टँड धावून आला. त्याला फरफटत बाहेर नेलं, चपलांनी, काठ्यांनी, लाथांनी तुडवलं. शेवटी कुणीतरी त्याचा हात पायरीच्या दगडावर दाबून धरला आणि दुसऱ्या दगडाने त्याची बोटं ठेचली. बोटं मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. लोक हात धुऊन परत आले आणि म्हणाले, “मशीननं चोर धरला!” त्या दिवशी मला झेंडूचा हार मिळाला. तो घालताना झिलूच्या बाहीवर रक्त होतं. मला आनंद झाला नाही, मित्रांनो. मी फक्त नाही म्हणालो होतो. बोटं मोडा, असं मी म्हणालो नव्हतो.

आता फुला अज्जीचं सांगतो.

फुला अज्जी काळी नदीच्या काठावर, गणेशगुडीच्या अलीकडे राहायची. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. नाचणी, थोडं भात आणि कणगीचे कंद, एवढं तिचं शेत. कंद खणून खणून तिची बोटं खरखरीत झाली होती, तरी पेन्शनच्या वेळी तिचा अंगठा मी दर महिन्याला ओळखायचो. तिच्या अंगठ्याच्या मधोमध पाण्यातल्या भोवऱ्यासारखी रेषा होती. तो भोवरा मला आवडायचा.

त्या शेतावर तिच्या पुतण्याचा, परशूचा डोळा होता. नदीकाठची जागा एका लॉजवाल्या शेटला हवी होती आणि परशूने ती देतो म्हणून शब्द दिला होता. पण व्यवहार पुढे जायला मालकिणीची ओळख ऑनलाइन पटायला हवी होती. म्हणजे फुला अज्जीचा अंगठा हवा होता, आणि तो माझ्यावर हवा होता.

एका सकाळी तो तिला गोड बोलून घेऊन आला. “पेन्शनचं काम हाय, काकी. अंगठा लाव.”

राजेश्वरीने स्क्रीन वाचली आणि तिचा चेहरा उतरला. “अज्जी, ही पेन्शन न्हाई. तुमची जमीन द्यायला कबूल हाय म्हणून लिवलंय.”

अज्जीने विंचू दिसल्यासारखा हात मागे घेतला. “माझं एक गाव सुप्याच्या धरणात बुडालं रे परशा. तवा मी परकर नेसत हुती. आता ही जमीन न्हाई सोडणार.”

परशूने तिच्या कानफटात मारली. म्हातारी झेरॉक्स मशीनवर आपटली. मग त्याने तिचं मनगट पिरगाळून धरलं आणि तिचा अंगठा माझ्यावर दाबला. इतक्या जोराने दाबला की तिच्या नखाखाली रक्त साकळलं. ती हात ओढत होती, तो दाबत होता. बोट स्थिर नव्हतं म्हणून मला वाचता आलं नाही. त्याने तिच्या पाठीत गुडघा घातला.

दारात माणसं जमली होती. चोराची बोटं मोडणारीच ती माणसं. झिलूही होता. मी वाट पाहिली. पण कुणी पाऊल उचललं नाही.

“घरचं भांडण हाय,” कुणीतरी म्हणालं. “आपुन कशाला मधी पडायचं?”

राजेश्वरीने माझी वायर उपटली आणि नेट गेलं म्हणून थाप मारली. “उद्या आणतो,” परशू म्हणाला. “उद्या न्हाई लावलास काकी, तर ह्यो अंगठा कापून आणीन.” केसाला धरून तो तिला घेऊन गेला.

त्या दिवशी मला माझ्या शहाणपणाची किळस आली. डिंकाची कातडी मला कळत होती. पण ऊब असलेला, घाम असलेला, खरा अंगठा जर दुसऱ्याने धरून दाबला, तर मी ‘जुळला’च म्हणणार होतो. नाइलाज होता. मला तेवढंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फुला अज्जी स्वतःच्या पायांनी पुढे आणि परशू मागे, असे दोघं आले. तिचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून बंद झाला होता. दोन्ही हात पदराखाली होते. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने हात बाहेर काढले.

राजेश्वरी किंचाळली. इथल्या बायका टाचेच्या भेगांना बिब्ब्याचं तेल जपून, थेंबभर लावतात, कारण ते चांगल्या कातडीला लागलं की कातडी जळून फोड येतात. अज्जीने बिब्बे फोडून सगळी दहा बोटं त्या तेलात बुडवली होती. बोटांची काळी सालं निघाली होती आणि आत लाल मांस दिसत होतं.

“लाव आता,” ती परशूला म्हणाली. “कंचा पायजे तो लाव.”

त्याने खरंच लावला. ते कच्चं मांस त्याने माझ्या काचेवर घासलं. अज्जी ओरडली नाही. तिने फक्त दात दाबून धरले. मी भोवरा शोधला. तो नव्हता. आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात प्रथमच मी मनापासून म्हणालो, जुळला नाही.

परशूने मला वायरीसकट उचललं आणि तिच्या डोक्यात हाणलं. एकदा, दोनदा. दुसऱ्या घावाला माझी काच तडकली. तिचं रक्त तड्यातून आत, माझ्या दिव्यापर्यंत आलं. तिसऱ्यांदा त्याचा हात वर गेला तेव्हा राजेश्वरीने बसायचं लोखंडी स्टूल त्याच्या तोंडावर घातलं. त्याचे दात सांडले. मग झिलू आत आला. उशिरा आला, पण आला. त्याने परशूला खाली पाडून त्याच्या छातीवर बसकण मारली आणि पोलीस येईपर्यंत तो उठला नाही.

फुला अज्जी जगली. टाके पडले, एका कानाने ऐकू येईना झालं, पण जमीन तिचीच राहिली. परशू सध्या तुरुंगात आहे. तिची बोटं आता गुळगुळीत झाली आहेत, हुबेहूब त्या डिंकाच्या कातडीसारखी. कुठल्याच मशीनला ती ओळखू येत नाहीत, त्यामुळे हक्काचं रेशनही अडतं.

त्यावर उपाय म्हणून गेल्या आठवड्यात दुकानात एक नवं मशीन आलं. ते डोळ्यातलं बुबुळ पाहून माणूस ओळखतं. राजेश्वरीने मोठ्या हौसेने अज्जीला बोलावलं. “अज्जी, आता बोटं नकोत. हितं नुसतं बघायचं. झालं काम!”

अज्जीने त्या मशीनकडे पाहिलं. मग तिने हळूच विचारलं, “परशा सुटून आला की डोळ्यास्नी बी बिब्बा लावावा लागंल काय गं, बाय?”

राजेश्वरीने नवं मशीन बंद केलं आणि अज्जीला जवळ घेतलं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पुसा, ते ठीकच आहे. पण माझं एवढं मागणं ऐका. कुणी अंगठा लावायला आलं, तर त्याचं मनगट दुसऱ्या कुणाच्या मुठीत नाही ना, ते आधी बघा. ते मला कधीच दिसलं नाही. दारात उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसत होतं.