सगळ्यात मोठा आकडा

दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी करण्यात ताईची कित्येक वर्षं गेली होती. रोज अनोळखी माणसांच्या छातीवर जेल लावून बिनधास्त प्रोब फिरवणारी ही बाई, आणि आज सख्ख्या धाकट्या बहिणीपुढे तिची पाचावर धारण बसली होती.

धाकटीला मूल हवं होतं. हृदयात धातूची झडप बसवली तर ती टिकते, पण मग रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि ती पोटातल्या बाळाला घातक. म्हणून तिने हट्टाने जनावराच्या ऊतीची झडप बसवून घेतली. ती झिजते, हे माहीत असूनही. आज सोनोग्राफीत झडप धड निघाली, तरच डॉक्टर बाळाला होकार देणार होते. नाहीतर पुन्हा छाती उघडायची.

पडद्यावर झडपेतून जाणाऱ्या रक्ताच्या वेगाचा आकडा आला. झडप झिजून आखडली की फट बारीक होते, आणि तोटीवर बोट धरल्यावर पाणी उसळतं तसं रक्त जोरात सुटतं. हा वेग फार होता. तिने प्रोब जरासा तिरका केला. आकडा उतरला. अजून तिरका केला, अजून उतरला. तिरक्या प्रोबने वेग खोटा कमी दिसतो, हे ती नव्या पोरींना ओरडून ओरडून शिकवायची. चारी बाजूंनी बघायचं आणि सगळ्यात मोठा आकडा खरा मानायचा. आज तिला कुठलाही लहान आकडा चालला असता. यंत्रापुढे असं नाक घासताना तिला लाजसुद्धा वाटेना.

“झालं गं. पूस आता,” ती म्हणाली.

“एवढ्यात? आणि उजवीकडून?”

“तू डॉक्टरीण आहेस का? दरवेळी नाही लागत ते.”

“दरवेळी कूस बदलायला लावतेस, ताई. मी शिव्या घालते तरी लावतेस.” धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आपणहून उजव्या कुशीवर वळली. “बघ.”

“राहू दे ना गं. पाया पडते तुझ्या.”

“ताई, बाळ झाल्यावर त्याला आई नको का?”

ताईने रडत रडत प्रोब टेकवला, सरळ, अगदी शिकवायची तसा. आकडा आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा आला. तिने तो वाचून दाखवला.

“लिही,” धाकटी म्हणाली, आणि मग तिलाही रडू फुटलं.