काउंटच्या नावातलं अक्षर

त्या दिवशीही बाबांनी आमच्या प्रांताच्या सरदाराच्या, म्हणजे काउंटच्या, नाण्यासाठी कोरलेला नवा ठसा माझ्यापुढे धरला. ठशावर अक्षरं उलटी कोरली, तरच ती नाण्यावर सुलटी उमटतात. बाबांना स्वतःला वाचता येत नव्हतं.

“एर्मेलीन, काउंटचं नाव बरोबर आलंय का गं?”

“एक अक्षर सरळच कोरलंय, बाबा.”

“असू दे की! काउंटच्या घरात एक तरी सरळ असू दे.”

दुसऱ्या दिवशी तापाने ते गेले.

ठसे तपासण्यापुरती मला दहा-बारा अक्षरं आली असती, तरी त्यांचं भागलं असतं. त्यांनी मला आठ वर्षं मठात शिकू दिलं.

आमच्या प्रोवँ गावच्या दफनभूमीतून सगळे परतल्यावर मी त्यांच्या थडग्यापाशी थांबून मोठ्याने म्हणाले, “बाबा, मी जे जे वाचलं, ते तुमच्यामुळे. फार उपकार झाले.”