सागाखालचा काळा डाग

सागावर काळा डाग दिसला की माझं डोकंच फिरतं. वरून व्हार्निश चकचकीत आणि आत कुजकं! त्या दुपारी मी शिडाच्या जुन्या बोटीत, केबिनच्या फळ्या पॉलिश पेपरने घासत होते. खिडकीखालचा बोटभर डाग काही केल्या जाईना.

"अरे म्हाताऱ्या, खाली ये!" मी नवऱ्याला हाक मारली.

तेकसेंग सुपारी चघळत उतरला. "कुणीतरी चहा सांडला असेल."

"चहा फळीच्या मागून सांडतो का रे?"

आमच्याकडे अशा दोन बोटी दुरुस्तीला आल्या होत्या. दोन्ही तैवानच्याच, काओशियुंगच्या एकाच कारखान्यातल्या, सख्ख्या बहिणीच म्हणा ना. पहिली सकाळीच आमची लेक बीहुई आणि जावई पेंगहू बेटावरच्या मालकाकडे पोचवायला घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी सातवा महिना लागणार होता, भुतांचा. त्या महिन्यात आमच्या घरातलं कुणी बोट पाण्यात घालत नाही. म्हणून सगळी घाई. आणि दोन्हीकडचं लाकूडकाम एकट्या तेकसेंगचं.

"फळी काढ," मी म्हटलं. "डोलकाठीच्या तारा धरणारी पोलादी पट्टी हिच्याच मागे आहे. पाणी तिच्यावर झिरपतंय. ती तुटली की डोलकाठी आडवी."

"नाही निघणार."

"न निघायला काय झालं? बुचं उडव, स्क्रू सोडव."

स्क्रूच्या डोक्यावर आम्ही सागाचं छोटं बूच बसवतो, तेही व्हार्निशमध्ये बुडवून. पटाशीच्या एका ठोक्यात निघतं. सासरे म्हणायचे, लाकूड झाकावं, कोंडू नये.

तेकसेंगने मान खाली घातली. "व्हार्निश वाळायला वेळ लागतो गं. सातवा महिना तोंडावर आलेला. मी इपॉक्सीच्या गोंदाने कायमची चिकटवली. फळीच्या पाठीलाही लावलं."

मी पॉलिश पेपर खाली टाकला. "बीहुईच्या बोटीतही?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"तिथे डाग होता का? बोल ना!"

"थोडासा होता. वरून सागाचा रंग फिरवला."

मी हातोडा उचलला.

"अगं फोडू नकोस! इतकं देखणं काम..."

"चुलीत गेलं तुझं देखणं काम!"

फळी उभी चिरली. आतून कुबट वास आला आणि काळं पाणी माझ्या मनगटावरून ओघळलं. तेकसेंगने हात आत घालून पट्टी नुसती चाचपली, तर ती गंजलेली पट्टी सादळलेल्या बिस्किटासारखी मोडून त्याच्या हातात आली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

आम्ही धडपडत वर आलो. वारा चांगलाच वाढला होता. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींच्या तारा डोलकाठ्यांवर खडखड आपटत होत्या. मी डेकवर ठेवलेला फोन उचलला. बीहुईचा निरोप मघाशीच येऊन पडला होता.

"आई, काय वारा आहे गं! सगळी शिडं उभारलीत, बोट नुसती पळतेय. बाबांना सांग, फळ्या आरशासारख्या चमकताहेत."

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"शिडं उतरव गं बये," मी न लागणाऱ्या फोनवरच ओरडत होते, "आधी शिडं उतरव!"

तेकसेंग तटरक्षकांच्या चौकीकडे धावत सुटला. मोडकी पट्टी त्याच्या मुठीत तशीच होती.