पडदे लागले ते लागले

मत चौकात मोठ्यानं ओरडून द्यायचं, ही त्या इंग्रजी गावाची जुनी रीत. केझायाचा नवरा सायलस लोहार दर निवडणुकीत घरमालकाच्या उमेदवाराविरुद्ध घसा फोडून ओरडायचा, आणि दर वेळी तिला भांडी बांधून घर सोडावं लागायचं. १८७२ साली नवा कायदा आला. आता आडोशाला जाऊन चिठ्ठीवर खूण करायची आणि ती पेटीत टाकायची. कुणाला काही कळायचं नाही. केझायानं निर्धास्तपणे खिडकीला नवे पडदे लावले.

दुपारी चौकातून तोच आवाज घुमला. पेटीत चिठ्ठी टाकून आलेला सायलस सवयीनं आपल्या उमेदवाराचं नाव ओरडत होता!

"मेल्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही!" केझाया करवादली.

तासाभरात मालकाचा कारभारी दारात हजर. "बाई, घर रिकामं करा. अख्ख्या गावानं ऐकलंय."

"ओरडला ते ऐकलंत. पेटीत काय टाकलं, ते पाहिलंत?"

"पण तो स्वतःच तर नाव घेत होता!" कारभारी म्हणाला.

"आमचे हे एक नंबरचे थापाडे आहेत हो," पडद्याची चुणी सारखी करत केझाया म्हणाली. "त्यांची चिठ्ठी आणून दाखवा, लगेच भांडी बांधते."