कुल्याशचा वाडगा

"पोट ठीक नाही हो मावशी," म्हणत गेन्नादीने वाडगा हातानेच मागे सारला.

"तुमचं पोट दर वेळी माझ्याच दारात बरं बिघडतं!" कुल्याश म्हणाली आणि वाडगा तसाच पुढे धरून उभी राहिली.

घोडीचं आंबवलेलं दूध म्हणजे कुमीस. पाहुण्याने ते निदान ओठाला तरी लावायचं, नाहीतर घराचा अपमान होतो. हा रशियन साहेब इतकी वर्षं कझाख माळावर फिरतोय, त्याला हे ठाऊक नसेल? रॉकेट उडायच्या दिवशी तो जीप घेऊन यायचा आणि माणसांना लांब न्यायचा. रॉकेटचे तुकडे पडून गेले की त्यातल्या इंधनाचं विष मातीत उतरलंय का ते तपासून "सगळं स्वच्छ" म्हणायचा, पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायचा. या खेपेला त्याच्याबरोबर कुल्याशची लेक झानिल होती. शहरात रसायनं शिकून ती याच लोकांत नोकरीला लागली होती. सकाळपासून तीही त्याच बाटलीतलं पाणी पीत होती, हे आईच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"माणसं हलवायची आणि घोड्या ठेवायच्या? त्यांच्यावर पडत नाही वाटतं?" कुरकुरत कुल्याश जीपमध्ये बसली.

लांबच्या टेकाडावर सगळे थांबले. पश्चिमेला एक पांढरी रेघ उभी चढत गेली आणि हळूहळू कलायला लागली.

"बघ, वाकडं झालं. बिघडलं!"

"नाही गं आई. नुसतं सरळ वर गेलं तर परत खालीच येईल. त्याला आडवं पळायचं असतं. इतक्या जोरात, की ते खाली पडायला बघतं तोवर खालची गोल जमीनच वळून जाते. मग ते पृथ्वीभोवती पडतच राहतं, टेकत कधी नाही."

"आणि आपल्या माळावर टेकतं ते काय?"

"ते रिकामे टप्पे. आतलं इंधन संपलं की ते ओझं सोडून द्यावं लागतं. त्याशिवाय उरलेल्याला तेवढा वेग येत नाही."

"हं. चढणाऱ्याने ओझं टाकायचं आणि खालच्याने डोकं सांभाळायचं."

झानिल हसली. कुल्याशला हसू आलं नाही. लांब कुठेतरी धाडधाड आवाज झाले आणि माळ पुन्हा गप्प झाला.

तिच्या नवऱ्याने, तोलेगेनने, असाच पडलेला एक पत्रा उंटाकडून ओढत आणून गोठ्यावर घातला होता. हलका, चकचकीत, गंजाचं नाव नाही. आमच्या मेंढ्या रॉकेटमध्ये झोपतात, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. पुढे त्याचं यकृत गेलं. दारूमुळे, असं डॉक्टर म्हणाले. ज्याने उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नाही, त्याला! तेव्हापासून कुणाचं तोंड काय बोलतं ते ती ऐकत नसे. ते तोंड काय पितं, तेवढंच बघत असे.

ऊन उतरल्यावर सगळे परतले. झानिलने कातडी पखालीतलं कुमीस काचेच्या नळीत घेऊन तपासलं.

"स्वच्छ आहे, आई."

कुल्याशने वाडगा काठोकाठ भरला. "मग पी."

"झानिल, उशीर होतोय," जीपमधून गेन्नादीने हाक मारली.

झानिलने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "पिते. तुझ्यासमोर पिते, म्हणजे तुझा संशय एकदाचा फिटेल."

तिने दोन्ही हातांनी वाडगा उचलला. डोळे घट्ट मिटून घेतले. वाडगा ओठांशी गेला मात्र, कुल्याशचा हात सपकन उठला आणि वाडगा मातीत जाऊन पडला.

दूध सांडणं हे त्या माळावर पाप. कुल्याशने आजवर दुधाचा थेंब सांडला नव्हता.

"आई, हे काय केलंस? माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नाही तुझा?"

"तुझ्यावर आहे गं पोरी," कुल्याश म्हणाली. "जा आता. साहेब खोळंबलेत."

झानिल रडत जीपमध्ये बसली. जीप गेली.

कुल्याशने वाडगा उचलला, डोक्यावरच्या रुमालाने पुसला आणि पखालीतून पुन्हा भरून घेतला. मग दारात बसून, रोज पीत असे तसा, तो सगळा पिऊन टाकला.